मातीत हात कोणाचा आणि वहीत प्रश्न कोणाचा?

जून जवळ आला की शहरांतल्या वृत्तपत्रांतून खासगी शाळांच्या जाहिराती झळकू लागतात. काही वर्षांपूर्वी या जाहिरातींत वातानुकूलित वर्ग आणि संगणक असत. आता भाषा बदलली आहे. 'निसर्गाच्या कुशीत शिक्षण', 'मातीशी नाते', 'पुस्तकाबाहेरचे विज्ञान' असे शब्द आले आहेत. पावसाळा सुरू झाला की याच शाळांच्या बसगाड्या मावळ, मुळशी, कर्जतच्या रस्त्याला लागतात. मुले चिखलात उतरून दोन-चार रोपे लावतात, बेडूक पाहतात, फोटो निघतात आणि संध्याकाळी घरी परत येतात. त्याच खाचरात रोजंदारीवर वाकलेल्या बाईचे पोर लावणीच्या दिवसांत आईबरोबर रोपांच्या मुठी वाहत असते. शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लागते. चिखल तोच, बेडूक तोच. एकासाठी तो विज्ञानाचा तास, दुसऱ्यासाठी बुडालेला दिवस.

आमच्या काही वाचकांना हा विषय चळवळीचा वाटणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे. आरक्षणाचे तुकडे पडत असताना, शिष्यवृत्त्या रखडलेल्या असताना, अत्याचाराच्या बातम्या रोज येत असताना मुंग्या आणि गांडुळांवर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आमचे पोर सहा-सात वर्षांचे असताना ज्या गोष्टी ठरून जातात त्या पुढे कुठलेही आरक्षण दुरुस्त करू शकत नाही. प्रश्न विचारायचा की सांगितलेले मुकाट्याने मान्य करायचे, हे पहिली-दुसरीतच ठरते. आणि मुकाट्याने मान्य करण्याची सवय या देशात कोणाच्या फायद्याची ठरली, हे या दैनिकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

कायदा तर स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये मुलांचे शिकणे कृती, शोध आणि अन्वेषण यांतून व्हावे असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातून, हाताळण्यातून शिकवावे असा धोशा लावला आहे. संविधानाचा अनुच्छेद ५१ क (ज) विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवतो. हा अनुच्छेद बाबासाहेबांच्या मूळ संविधानात नव्हता, तो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. आमचे वक्ते सभेत अनेकदा उलटे सांगतात, म्हणून हे नमूद करतो. कागदावर सर्व काही आहे. प्रश्न कागदाचा नाहीच.

ज्या सरकारने अनुभवातून शिक्षणाचे गोडवे गायले, त्याच सरकारच्या शिक्षण खात्याने सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक आणि त्यांत शिकणारी मुले पावणेदोन लाखांहून अधिक, हे तेव्हाचे सरकारी आकडे. या शाळा कोठे आहेत? पाड्यावर, तांड्यावर, धनगरवाड्यावर, गावाबाहेरच्या वस्तीत. पहिली ते पाचवीचे मूल एक किलोमीटरच्या आत शाळेत पोचले पाहिजे हे शिक्षण हक्काचे मूळ तत्त्व. सरकारचे म्हणणे असे की मोठ्या शाळेत प्रयोगशाळा मिळेल, मैदान मिळेल, गाडीची सोय करू. पण त्या एक किलोमीटरच्या वाटेवर ओढा असतो, वारूळ असते, बाभळीवर सुगरणीचे खोपे असतात, पहिल्या पावसानंतर निघणारे लालभडक मखमली किडे असतात. सहा वर्षांच्या मुलाची प्रयोगशाळा तीच. मूल गाडीत कोंबले की ती वाट गेली, आणि ज्या दिवशी गाडी आली नाही त्या दिवशी शाळाही गेली. मुलींच्या बाबतीत तर ती बहुधा कायमचीच जाते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हाताने शिकणे म्हणजे काय? वस्तूला हात लावणे. उचलणे, फोडणे, वास घेणे, पुन्हा जोडून पाहणे. प्रयोग म्हणजे स्पर्श. आणि ज्या समाजाने स्पर्शाचेच शास्त्र बनवले, कोणी कशाला शिवायचे आणि कोणी नाही याचे नियम केले, त्या समाजात विज्ञान रुजणार कसे? साताऱ्याच्या शाळेत बालवयातील भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर बसत, पाण्याच्या तोटीला हात लावू शकत नसत, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी एकच गलका केला आणि धावत जाऊन डबे हलवले. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. आपण तो अपमानाची कथा म्हणून सांगतो. तो तेवढाच नाही. एका मुलाचा हात फळ्यापर्यंत पोचण्याआधी वर्गाला वस्तू हलवाव्या लागतात, अशा वर्गात कुठलीच वस्तू मोकळेपणाने हाताळली जात नाही. बाकीच्या मुलांचेही हात बांधलेलेच असतात. त्यांना ते कळत नाही इतकेच.

म्हणूनच आपल्याकडचे शिक्षण पाठांतराचे राहिले. ज्यांच्या हाती ते होते त्यांना नांगर, आरी, रापी, चाक यांना हात लावायचा नव्हता, आणि ज्यांच्या हाती ही हत्यारे होती त्यांना अक्षराला हात लावू द्यायचा नव्हता. हात एकीकडे आणि डोके दुसरीकडे, अशी ही फाळणी आहे. महात्मा फुल्यांनी ती नेमकी ओळखली होती. १८८२ च्या हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी गावच्या शाळांसाठी शेतकरी वर्गातून आलेले, वेळ पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराची किकरी हाती धरू शकणारे शिक्षक मागितले आणि प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीचे ज्ञान घालायला सांगितले. आज 'अनुभवात्मक शिक्षण' या नावाने जे परदेशातून आल्यासारखे मिरवले जाते, ते फुल्यांनी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मागितले होते.

पण इथे एक धोका आहे आणि तो आमच्या आयाबापांनी विद्वानांच्या आधी ओळखला आहे. वस्तीतल्या पालकांशी बोला. ते सरळ विचारतात, "मातीतच हात घालायचे असतील तर शाळेत कशाला पाठवू? ते तर आम्ही घरीच शिकवतो." या प्रश्नात पिढ्यांचा अनुभव आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. दिसायला ती 'हाताने शिकण्याची' योजनाच होती. पेरियारांनी तिला कुलशिक्षण म्हणून झोडपले, राज्य पेटले, आणि १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावे लागले. कामराजांनी येताच ती गुंडाळली. न्हाव्याच्या पोराच्या हाती वस्तरा आणि ब्राह्मणाच्या पोराच्या हाती पोथी, हे त्या योजनेचे सार होते.

ते जुने झाले म्हणावे, तर डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात एका सरकारी निवासी शाळेतील दलित मुलांना मैलाटाकीत उतरवून ती साफ करायला लावल्याचे उघड झाले. मुख्याध्यापकांना अटक झाली. आमच्या पिढीतल्या कित्येकांना शाळेत मिळालेला 'हाताचा अनुभव' म्हणजे खराटा होता. वर्ग झाडायला, शेण सारवायला नेमकी कोणाची नावे पुकारली जात, हे आम्ही पाहिले आहे. विज्ञानाची पेटी मात्र आमच्या शाळेत कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होते. चौथीपर्यंत आम्ही तिच्या काचेतून एक भिंग पाहिले. सातवीत गेलो तेव्हाही ते तिथेच होते.

म्हणून आमची भूमिका आम्ही स्पष्ट करतो. हात मातीत गेला म्हणजे विज्ञान झाले नाही. मुलाने कुंडी भरली, झाडाला पाणी घातले, कचरा उचलला, हे श्रम झाले. श्रम वाईट नाहीत, पण ते आमच्या मुलांना शिकवायची कोणाला गरज नाही. करवंटीत मटकी भिजत घातली, तिसऱ्या दिवशी एक दाणा उपटून मूळ कुठल्या बाजूला गेले ते पाहिले, दुसरी करवंटी आडवी ठेवली आणि तरी मूळ खालीच वळले, 'का' असे विचारले आणि वहीत लिहिले, तर ते विज्ञान. शेवटी प्रश्न मुलाचा आहे का आणि तो त्याच्या वहीत त्याच्या अक्षरात आहे का, एवढेच पाहायचे. बाकी परसबागेचे फोटो वर चढवून बक्षिसे मिळवणे चालू राहू द्या. पोषण आहाराच्या परसबागा आज अनेक जिल्हा परिषद शाळांत आहेत. त्यातल्या मेथीच्या पानावरील अळी कोणी पाहिली, तिचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. तो खिचडीचा हिशेब, मतदार यादी आणि मोबाईलवरच्या माहितीत बुडालेला आहे.

गरिबांच्या शाळांत हे होऊ शकते का? होऊ शकते, कारण झाले आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' यांनी माध्यमिक वर्गांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला, १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो चालवला. मुले टोळीने शेतात, नाल्यावर परिभ्रमणाला जात. पुस्तकाचे नाव 'बाल वैज्ञानिक', आणि त्यात उत्तरे कमी, करून पाहायच्या गोष्टी जास्त. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायला परवानगी आणि प्रत्यक्ष प्रयोगाला गुण. मुलांच्या मनात आलेला कुठलाही प्रश्न 'सवालीराम' या नावाने पत्रात टाकायचा आणि त्याचे उत्तर यायचे. सुमारे हजार शाळांपर्यंत गेलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. तेव्हा भोपाळमध्ये काँग्रेसचे सरकार होते, हे मुद्दाम सांगतो. प्रश्न विचारणारी गावातली पोरे कुठल्याच सत्तेला फार काळ परवडत नाहीत.

मुंबईचे उदाहरण तर थेट आमचे आहे, तरी चळवळीत ते फारसे कोणाला ठाऊक नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि प्रा. एस. सी. आगरकर यांनी १९८० च्या दशकात महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. ही मुले मागे का, याचा शोध घेताना दिसले ते असे की कमतरता बुद्धीत नव्हती. पुस्तकाची भाषा अवघड होती आणि हाताळण्याच्या संधी मिळालेल्या नव्हत्या. भाषा सोपी केली, प्रयोग हाती दिले, तेव्हा शालान्त परीक्षेतील त्यांची कामगिरी लक्षणीय सुधारली. 'गुणवत्ता' या शब्दाने आम्हाला झोडपणाऱ्यांना हे उत्तर कितीदा दिले आम्ही? चळवळीच्या ग्रंथप्रदर्शनात हे काम कधी मांडले गेल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

सध्या 'भारतीय ज्ञान परंपरा' हा शब्द शिक्षणात जोरात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एनसीईआरटीने चांद्रयानावर शाळांसाठी काढलेल्या साहित्यात वेद आणि विमानशास्त्र यांचाही उल्लेख आला. उडालेले एकही विमान ज्याने दाखवले नाही ते शास्त्र परंपरेत बसते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे भिजवून ते कुजू न देण्याची विद्या मात्र परंपरेत बसत नाही, कारण ती चांभार-ढोरांची. सालीतील टॅनिन कातड्यातील प्रथिनांशी बांधले जाते म्हणून कातडे टिकते, हे रसायनशास्त्र झाले. ज्यांनी ते शतकानुशतके हाताने केले त्यांच्या वाट्याला दुर्गंधी आणि गावकूस आले. ही विद्या आमच्याच मुलांनी पुन्हा धंदा म्हणून शिकावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती सगळ्यांच्या पाठ्यपुस्तकात यावी, ती शोधणाऱ्यांच्या नावासह यावी, आणि सालीचा काढा करून त्यात कातड्याचा तुकडा टाकण्याचा प्रयोग पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळांतील मुलांनीही आपल्या हाताने करावा.

आणखी एक गोष्ट. मूल पाने गोळा करते, पक्ष्यांच्या चोची निरखते, एकाच कुत्रीची चार पिल्ले चार रंगांची कशी, असे विचारते. ही वाट पुढे डार्विनपर्यंत जाते. एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला आणि २०२३ मध्ये त्यावर देशभर वाद झाला. अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे, असा खुलासा झाला. पण दहावीनंतर किती मुले जीवशास्त्र घेतात? सर्व माणसे एकाच पूर्वजाची, हे ज्याला कळले तो मुखातून कोण जन्मला आणि पायातून कोण, या कथेवर हसेल. आमच्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा. राज्याची नवी पुस्तके येतील तेव्हा तो धडा राहतो की जातो, यावर कार्यकर्त्यांनी डोळा ठेवावा.

दुसऱ्यांना एवढे सुनावल्यावर आमचे स्वतःचे एक सांगितलेच पाहिजे. वृक्षारोपणाच्या एका कार्यक्रमात आम्हाला पाहुणे म्हणून बोलावले होते. वस्तीतल्या विहारासमोर पिंपळाचे रोप लावले आणि आम्ही भाषणात वीस वर्षे सांगत आलो तेच सांगितले, की पिंपळ हे रात्रीसुद्धा प्राणवायू सोडणारे झाड आहे. टाळ्या पडल्या. पुढे बसलेली चौथीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही रात्री बघितलंय का?" लोक हसले. एका ताईंनी तिला दंडाला धरून खाली बसवले. आम्हीही हसलो, खोटे कशाला सांगा.

पुढच्या रविवारी त्या विहारात मुलांचा वर्ग घेणाऱ्या, डी. एड. होऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणाने तळ्यातली पाणवनस्पती आणून काचेच्या बरणीत ठेवली. बरणी उन्हात ठेवताच पानांवरून बुडबुडे वर येऊ लागले. मुलीने ते मोजले. बरणीवर घमेले पालथे घातले, बऱ्याच वेळाने उचलून पाहिले, बुडबुडे थांबले होते. पुन्हा उन्हात ठेवली, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. तिने वहीत तीन रकाने आखले: ऊन, सावली, घमेले. खाली लिहिले, पिंपळ पाण्यात नाही, मग त्याचे कसे बघायचे? तिचा हा प्रश्न आमच्या संपूर्ण भाषणापेक्षा वरचढ होता. आम्ही वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना विचारले. कुठलेही झाड प्राणवायू तयार करते ते प्रकाशातच, रात्री पिंपळही आपल्यासारखाच प्राणवायू घेतो, असे त्यांनी सांगितले. तथागताच्या धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, म्हणजे या आणि स्वतः पाहा. आम्ही मात्र न पाहताच सांगत होतो, आणि तेही बोधिवृक्षाखाली उभे राहून.

म्हणून विहारांचे बोलू. महाराष्ट्रात वस्ती तेथे विहार आहे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जे उडते त्यातून दोन भिंगे, काही काचेच्या बरण्या, एक दोरी, एक फूटपट्टी आणि वह्या येऊन वर उरते. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि फेकलेल्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करावी हे मराठीतूनही फुकट उपलब्ध करून ठेवले आहे. रविवारी वंदनेनंतर तासभर मुलांना ओढ्यावर, उकिरड्यावर, बांधावर न्यावे. मुलगा-मुलगी दोघांनाही न्यावे, आणि मुलीला 'कपडे मळतील' म्हणून मागे ठेवू नये.

मात्र विहारातल्या वर्गाने सरकारची जबाबदारी संपत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, त्यांत वंचित घटकांचे प्रतिनिधित्व त्यांच्या प्रमाणात हवे आणि निम्म्या महिला हव्यात. ती आपली खुर्ची आहे. बहुतेक ठिकाणी तिच्यावर सरपंचाचा माणूस बसलेला असतो आणि आमच्या बाया घरी आलेल्या वहीवर अंगठा देतात. पुढच्या बैठकीत त्यांनी जावे आणि विज्ञानाच्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे, एवढेच विचारावे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. शाळा समूहात नेण्याचा ठराव आला तर त्याला विरोध लेखी नोंदवावा.

आणि मे महिन्यात एक दिवस राखून ठेवावा. महाराष्ट्रात प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैतला दिवस ढगांत जातो, म्हणून मे. मुंबईला १५ मेच्या आसपास, नागपूरला २६ मेच्या आसपास. शाळेला तेव्हा सुट्टी असते, म्हणून हे वस्तीतच करावे. विहारासमोरच्या सपाट जागेत काठी रोवायची, अकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची. वर सूर्याकडे कोणी पाहायचे नाही, जमिनीकडेच पाहायचे. काठी मात्र अगदी सरळ हवी, नाहीतर सगळे चुकते. वस्तीत कोणा ना कोणाचा बाप गवंडी असतोच. त्याला ओळंबा घेऊन बोलवावे आणि काठी त्याच्याच हाताने उभी करून घ्यावी.